शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

(परिचारिका दिनानिमित्त पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रुग्णालयांत दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात, सेवेच्या थोरवीवर भाषणे होतात. कार्यक्रम आटोपला की परिचारिका आपल्या कक्षात परतते. तेथे खाटांपेक्षा रुग्ण अधिक असतात, पुढच्या पाळीची सहकारी रजेवर असते आणि कोणीतरी नातेवाईक वरच्या आवाजात जाब विचारीत असतो. दीपप्रज्वलनातील परिचारिका आणि कक्षातील परिचारिका यांच्यामधले हे अंतर हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे. जी माणसे समाजाची शुश्रूषा करतात, त्यांची शुश्रूषा कोणी करायची?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारक हा तेथे वैद्याचा हरकाम्या नाही, चिकित्सेचा तो स्वतंत्र आधार आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता असे चार गुण त्याच्या ठायी असावेत, अशी अपेक्षा आहे. परंतु चरकाचार्य तेथे थांबत नाहीत. रुग्णाच्या अंगीही चार गुण असावेत, असे ते सांगतात. त्याला आपल्या आजाराचे स्मरण असावे, त्याने वैद्याचे सांगणे पाळावे, धीर सोडू नये आणि आपली अवस्था नीट सांगावी. म्हणजे कर्तव्य एकतर्फी नाही. आजचा समाज मात्र वैद्य व परिचारक यांच्या गुणांची यादी तोंडपाठ म्हणतो आणि रुग्णाच्या व त्याच्या आप्तांच्या गुणांचे पान उलटतच नाही. चारापैकी एक पाय सतत दुर्लक्षिला गेला, तर चौरंग डळमळणारच.

त्यागाची परंपरा

महाराष्ट्राला रुग्णसेवेतील आत्मार्पणाची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १८९६-९७ मध्ये प्लेगने मुंबई-पुणे हादरले. माणसे घरेदारे टाकून पळत असताना सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या परिसरात दवाखाना चालविला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रुग्ण गोळा करून तेथे पोहोचवीत राहिल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे काही वर्षांनी डॉ. यशवंतांचाही बळी प्लेगनेच घेतला.

पुढच्या काळात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. चांगल्या घरच्या स्त्रीने परक्या माणसाचे अंग पुसावे, ही कल्पनाच तेव्हा मध्यमवर्गाला सोसवत नव्हती. ती वृत्ती पुरती गेली आहे काय? मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटणारी घरे, ती परिचारिका व्हायचे म्हणाली तर आजही क्षणभर गप्प होतात. ज्या हातांवर आपल्या वृद्ध आईवडिलांना निःशंकपणे सोपवायचे, त्या हातांना सून म्हणून घरात आणताना मात्र विचार करायचा, ही विसंगती समाजाने स्वतःशी कबूल केली पाहिजे.

त्यागाचा गौरव जरूर व्हावा. तथापि त्या गौरवामागे एक धोका दडलेला असतो. एखाद्याला देवत्व बहाल केले की त्याला भूक, झोप, भीती आहे, हे सोयीस्करपणे विसरता येते. सेवा हा स्वेच्छेने स्वीकारायचा धर्म आहे; दुसऱ्याकडून वसूल करायचे ते देणे नव्हे. “तुमचे तर सेवाव्रत आहे,” असे म्हणून कोणाचे वेतन थकविणे, रजा नाकारणे किंवा सलग दोन पाळ्या लावणे, हा सेवाधर्माचा अपमान आहे.

पन्नास वर्षांचे अंतर

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि एक उमदे आयुष्य कायमचे खाटेला खिळले. गुन्हेगाराला चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणाताईंची शिक्षा बेचाळीस वर्षे चालली. १८ मे २०१५ रोजी ती संपली.

या काळात के.ई.एम.च्या परिचारिकांनी जे केले, त्याला तोड नाही. परिचारिकांच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या. अरुणाताईंना कामावर असताना कधीही न पाहिलेल्या मुलींनी त्यांना भरविले, न्हाऊमाखू घातले आणि अंगावर एकही शय्याव्रण होऊ दिला नाही. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा या परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि या सेवेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. निष्क्रिय दयामरणाविषयीचे पहिले मोठे मार्गदर्शन देशाला याच निकालातून मिळाले.

पण कपडे बदलण्यासाठी एका परिचारिकेला तळघरात का जावे लागत होते, हा साधा प्रश्न मागेच राहिला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात दीर्घ पाळीनंतर सभाकक्षात विसावलेल्या एका तरुण डॉक्टर भगिनीची अत्याचार करून हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत राष्ट्रीय कृतिगट नेमला आणि त्या आदेशात अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाचे स्मरण केले. दोन घटनांत पन्नास वर्षांचे अंतर. एकीला कपडे बदलायला सुरक्षित जागा नव्हती, दुसरीला पाठ टेकायला नव्हती. रुग्णालयांच्या इमारती उंच झाल्या, यंत्रे आली. पण कडी लावता येईल अशी एक खोली आपण त्यांना देऊ शकलो नाही.

थाळीनाद आणि बंद दारे

पनवेलला हा विषय परका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथे कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा महामार्ग येथूनच कोकणात उतरतो आणि अपघातातील जखमी मध्यरात्री येथील रुग्णालयांच्या दारात येतात. उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एम.जी.एम., खारघरचे टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र, जनकल्याण समितीचे डॉ. प्रभाकर पटवर्धन स्मृती रुग्णालय अशा अनेक संस्थांमुळे या परिसरात रुग्णसेवकांची मोठी वस्ती आहे. शिवाय मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या कितीतरी परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कामगार पनवेल, कामोठे, कळंबोलीत राहतात. सकाळी सातच्या पाळीसाठी शीव किंवा परळ गाठायचे, तर हार्बरची पहाटेची गाडी पकडावी लागते. कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. म्हणजे घरातली चूल साडेतीनला पेटते.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता सारा देश थाळ्या आणि घंटा वाजवीत उभा राहिला. तो कृतज्ञतेचा उद्गार खरा होता. पण लोकलगाड्या बंद झाल्या आणि याच मंडळींना एस.टी. व बेस्टच्या बसगाड्यांतून तासन्‌तास प्रवास करावा लागला. मे महिन्यात पनवेल, कल्याण-डोंबिवली अशा शहरांतून मागणी होऊ लागली की, मुंबईला जाणाऱ्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनी मुंबईतच राहावे, कारण ते घरी परतताना रोग घेऊन येतात. कल्याण-डोंबिवलीत तर तसा आदेशही निघाला आणि मग मागे घ्यावा लागला. १५ जूनला त्यांच्यासाठी लोकल सुरू झाली, तोवर बराच काळ लोटला होता.

त्या मागणीमागची भीती खोटी नव्हती. घरात लहान मुले आणि वृद्ध असताना माणूस घाबरतोच. पण ज्या सज्जांमधून थाळ्या वाजल्या, त्याच इमारतींच्या जिन्यात काही आठवड्यांनी परिचारिकेकडे पाठ फिरविली गेली, हेही खरे. तिच्या राहण्याची चांगली सोय करा, असे म्हणणारे थोडे होते. तिला इकडे येऊ देऊ नका, असे म्हणणारे अधिक होते. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत शिधा वाटला, रक्तदान केले, अंत्यसंस्कारांचे अवघड काम अंगावर घेतले. तरीही स्वतःच्या इमारतीत शेजारच्या परिचारिकेच्या बाजूने किती जण उभे राहिले, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावा. वस्तीवर जाऊन सेवा करणे तुलनेने सोपे असते. आपल्याच जिन्यात बहुमताविरुद्ध बोलणे कठीण असते.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

साथरोग कायदा १८९७ चा. प्लेगच्या धामधुमीत इंग्रज सरकारने तो केला आणि त्याच्या आधारे झालेले अत्याचार पुण्याने भोगले. त्या कायद्यात सरकारच्या अधिकारांचा विचार होता. रुग्णसेवकावर हात उगारणाऱ्याला शिक्षा व्हावी, हा विचार त्यात शिरायला १२३ वर्षे लागली. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आणि सप्टेंबरमधील दुरुस्तीने अशा हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद झाली. कोविड सेवेतील मृत्यूसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षणही त्याच काळात आले. ही पावले स्वागतार्ह होती. मात्र ती दुरुस्ती साथीच्या काळापुरती आहे. इतर वेळी महाराष्ट्रात २०१० चा कायदा लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो असतानाही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले.

हल्ल्याहून अधिक माणसे थकव्याने खचतात. निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणतः दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने कमाल मर्यादा सुचविली ती आठवड्याला ७४ तासांची. याचा अर्थ प्रत्यक्षात काम त्याहूनही अधिक होत असले पाहिजे. त्याच कृतिगटाने ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. इतरांना जगविण्याचे शिक्षण घेणाऱ्या तिघांपैकी जवळजवळ एकाची ही अवस्था असेल, तर तो त्यांच्या मनाचा दुबळेपणा म्हणून सोडून देता येणार नाही.

कार्यकर्त्याने काय करावे?

पदे भरणे, सुरक्षा पुरविणे, वेतन वेळेवर देणे ही शासनाची व संस्थांची जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडून मागितलीच पाहिजे. ‘आशा’ सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. त्यांना त्याआधी २०२१ मध्ये मोबदल्यासाठी महाराष्ट्रात संप करावा लागला होता. पण समाजाच्या हाती असलेले कामही थोडेथोडके नाही.

पहिले काम रुग्णालयाच्या दारात आहे. नातेवाइकांचा संताप बहुधा अज्ञानातून येतो. कोठे जायचे, कोणाला विचारायचे, पैसे किती लागतील, काहीच कळत नाही. मग तो संताप समोर दिसेल त्या परिचारिकेवर फुटतो. नाना पालकर यांनी रुग्णांसाठी पायपीट केली आणि त्यांच्या नावाने उभी राहिलेली परळची समिती बाहेरगावच्या रुग्णांना व आप्तांना आधार देते. अशा कामाचा लाभ रुग्णाला होतो, तसाच रुग्णसेवकालाही होतो. निवाऱ्याची सोय झालेला, धीर मिळालेला नातेवाईक हात उगारीत नाही. प्रत्येक शासकीय रुग्णालयात दररोज दोन तास माहिती देण्यासाठी दोन स्वयंसेवक बसले, तरी कक्षातील ताण हलका होईल.

दुसरे काम घरचे आहे. आपला रुग्ण दाखल असेल, तर डॉक्टरांशी एकाच जाणत्या व्यक्तीने बोलावे. दहा जणांनी दहा वेळा विचारू नये. ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणून ज्यांना हाक मारतो, त्या कक्षसेवकांचे आणि आयांचे नावही विचारावे. रुग्णाची घाण उचलणारा कंत्राटी कामगार या उतरंडीत सर्वांत खाली असतो. समरसतेची कसोटी त्याच्याशी बोलण्याच्या आपल्या स्वरात लागते.

तिसरे काम इमारतीतले. रात्रपाळी करून आलेली परिचारिका दिवसा झोपते. तिच्या मजल्यावर दुपारी ठोकाठोक आणि ध्वनिक्षेपक नको, एवढे गृहसंस्थेने ठरवावे. ती कामावर असताना तिच्या मुलाला शाळेतून आणणारे शेजारी हवेत. पहाटे किंवा रात्री स्थानकापर्यंत तिला सुरक्षित सोबत हवी. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. मन थकले असता तेथे बोलणे कमीपणाचे नाही, हे तिला सांगणारे जवळचे माणूसही हवे.

यांपैकी एकाही कामाला निधी लागत नाही. चरकाचार्यांनी सांगितलेला रुग्णपाद म्हणजे अखेर आपण सारेच आहोत, कारण आज ना उद्या प्रत्येकाला त्या खाटेवर पडायचे आहे. तेव्हा उशाशी येणारे माणूस झोप झालेले, पोट भरलेले आणि निर्भय असावे, अशी ज्याची इच्छा असेल, त्याने आजपासून आपल्या जिन्यापासून सुरुवात करावी.