साक्षीला ठेवलेले तुकडे



बाजारात मडकं घेताना आपण त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तरच पैसे देतो. अणुभट्टीच्या दाबपात्राची मात्र अशी परीक्षा घेता येत नाही. पोलाद किती ठिसूळ झालंय हे कळायला ते तोडूनच बघावं लागतं, आणि हे पात्र तोडायचं कसं? भट्टीचे पंप बदलता येतात, नळ बदलता येतात. शेकडो टनांचं हे पात्र मात्र एकदा बसलं की बसलं.

म्हणून पात्र घडवतानाच त्याच पोलादाचे आणि त्याच वेल्डिंगचे छोटे तुकडे कापून घेतात, डब्यांत भरतात आणि ते डबे पात्राच्या आत टांगून ठेवतात. न्यूट्रॉनांचा मारा पात्रावर होतो, तसा त्यांच्यावरही. बरेच डबे भिंतीपेक्षा गाभ्याच्या जवळ असतात, त्यामुळे लेक आईच्या आधी म्हातारी व्हावी तसे हे तुकडे आधी पिकतात आणि पात्राचं पुढचं वय आजच सांगतात. अर्थात घाईनं आलेलं म्हातारपण आणि सावकाश आलेलं म्हातारपण अगदी सारखंच असतं का, हा वाद तज्ज्ञांत अजून मिटलेला नाही.

न्यूट्रॉन पोलादातल्या अणूंना जागेवरून ढकलतात. त्या धक्काबुक्कीत इकडेतिकडे विखुरलेलं तांबं एकत्र येतं, त्याच्या अतिसूक्ष्म गुठळ्या होतात आणि धातू ताणाखाली वाकेनासा होतो. आता हे तांबं आलं कुठून? बऱ्याच जुन्या पात्रांत ते वेल्डिंगच्या तारेतून आलं. तार गंजू नये म्हणून तिला तांब्याचा मुलामा देत असत! गंज टळला खरा, पण तांबं जोडात उतरलं.

या तुकड्यांची परीक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे. ती शार्पी या फ्रेंच अभियंत्याच्या नावानं ओळखतात. तुकडा १० मिलिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि ५५ मिलिमीटर लांब. मधोमध २ मिलिमीटरची खाच. लंबकाला लावलेला जड हातोडा वरून सोडायचा. हातोडा तुकडा मोडून पलीकडे जितका कमी चढेल, तितकी जास्त ऊर्जा तुकड्यानं खाल्ली, म्हणजे पोलाद तितकं चिवट. वेगवेगळ्या तापमानांना असे तुकडे मोडत गेलं की पोलाद कोणत्या तापमानाखाली ठिसूळ वागतं ते कळतं. मारा जसा वाढतो, तसं ते तापमान वर सरकतं. खरी भीती याचीच. तापलेल्या, दाबाखालच्या पात्रात संकटकाळी एकदम गार पाणी सोडावं लागलं आणि भिंतीत कुठे एखादी बारीक चीर असली, तर?

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या. त्यांच्या पात्रांतले असे तुकडे मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासले गेले. हे तुकडे किरणोत्सारी, त्यांना हात लावायची सोय नाही. जाड भिंतीआड, शिशाच्या काचेतून बघत, यांत्रिक हातांनी सगळं करायचं. त्यात नियम असा, की ठरलेल्या तापमानाच्या द्रवातून काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत तुकड्यावर घाव बसला पाहिजे. आपल्या हातांनीसुद्धा ही तारांबळच. यांत्रिक चिमट्यानं करणाऱ्याला मी तरी दाद देईन.

असे साक्षीदार तुकडे आणि नोंदी पुरेशा नसल्या की काय होतं, ते अमेरिकेत यांकी रो इथं दिसलं. मॅसॅच्युसेट्समधली ही भट्टी १९६० साली सुरू झाली. पुढे प्रश्न आला, की पात्राच्या जोडांत तांबं नेमकं किती? त्याची भरवशाची नोंदच नव्हती. १९९१ साली भट्टी थांबवली आणि पुढच्या वर्षी ती कायमची बंद करायचं ठरलं. पात्र ठिसूळ आहे हे कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते ठिसूळ नाही हे सिद्ध करण्याचा खर्च मालकांना परवडेना.

आता जुन्या भट्ट्या आणखी वीस-वीस वर्षं चालवायचं चाललंय आणि टांगलेले डबे संपत आलेत. त्यामुळे मोडक्या तुकड्यांना मोल आलंय. शार्पीच्या घावानं दुभंगलेल्या एकेका अर्ध्या तुकड्यातून आता ४ मिलिमीटर जाडीचे चिमुकले नमुने कापून काढतात, त्यांत मुद्दाम चीर पाडतात आणि ती किती ताणाला पुढे धावते ते मोजतात. एकदा साक्ष देऊन झालेल्यांना पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं, तेही त्याच जाड काचेआड, त्याच यांत्रिक हातांनी.