दूरध्वनीवरील फसवणूक आणि शाळेचे कर्तव्य



कापूस विकला गेला म्हणजे हिंगणघाटपासून आर्वीपर्यंतच्या खेड्यांत शेतकऱ्याची वर्षाची कमाई बँकेच्या खात्यावर जमा होते. त्या खात्याची किल्ली आता मोबाईलमध्ये आहे आणि पुष्कळ घरांत मोबाईलवरील अक्षरे वाचणारे माणूस म्हणजे चौथी-पाचवीतील मूल होय. आजी म्हणते, "वाच बरं बाबू, काय आलं ते." मूल सहा आकडे मोठ्याने वाचते आणि पलीकडचा अनोळखी माणूस ते टिपून घेतो. वाचावयास शाळेने शिकविले. काय वाचून दाखवावयाचे नाही, हे शिकविणेही शाळेकडेच येते.

ठकाच्या युक्त्या अनेक असल्या तरी तंत्र एकच असते. प्रथम भीती किंवा लोभ, मग घाई आणि शेवटी गुप्तता. खाते बंद पडेल, वीज तोडली जाईल, योजनेचा हप्ता अडकेल, अशी भीती घातली जाते. "आत्ताच करा" आणि "कोणाला सांगू नका" ही दोन वाक्ये ऐकू आली की फोन ठेवून द्यावा.

या जाळ्यात केवळ अडाणी माणूसच सापडतो, असे कोणी समजू नये. मुंबईतील 86 वर्षांच्या एका वृद्धेस पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकात ठेवण्यात आले आणि डिसेंबर 2024 ते मार्च 2025 या काळात तिच्याकडून 20 कोटींहून अधिक रुपये उकळण्यात आले. वस्तुतः मोबाईलवर चेहरा दाखवून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हेच स्पष्ट केले होते.

विद्यार्थ्यांच्या मनावर तीन गोष्टी ठसवाव्यात. ओटीपी व पिन कोणालाही सांगावयाचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा सरकारी योजना या नावाने आलेली 'एपीके' फाईल उघडावयाची नाही. तिच्यामुळे मोबाईलचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकतो. बँकेचे काम निघाले तर आलेल्या फोनवर न बोलता घरच्या मोठ्या माणसाने शाखेत जाऊन विचारावयाचे.

ऑक्टोबर 1937 मध्ये महात्माजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास भरलेल्या परिषदेने शिक्षणाची सांगड प्रत्यक्ष जीवनाशी घातली. त्या जिल्ह्यातील शिक्षकास या पाठासाठी वेगळे पुस्तक नको. एका मुलाने बँकेचा खोटा अधिकारी व्हावे, दुसऱ्याने आजोबा आणि तिसऱ्याने नातू. नातवाने एवढेच म्हणावे, "बाबा घरी आल्यावर विचारून सांगतो." भाषेच्या तासाला पोलीस ठाण्यास द्यावयाचा तक्रारअर्ज लिहून घ्यावा. पालकसभेत व बचत गटाच्या बैठकीत मुलांनी हाच प्रवेश करून दाखवावा.

इतके करूनही एखादे घर फसेलच. तेव्हा शिक्षकाची खरी परीक्षा होते. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आकडे वाचणाऱ्या मुलाला घरात मार बसतो आणि मोलाचे पहिले काही तास वाया जातात. ठक तेवढ्या वेळात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवितो. 1930 या क्रमांकावर तत्काळ कळविले तर सूचना बँकांपर्यंत पोहोचते आणि वाटेत सापडलेली रक्कम रोखून धरता येते. म्हणून हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर पाढ्यांशेजारी ठळक रंगवावा आणि बँकेलाही लगेच कळवावे, हे गावास सांगावे.

गावातील तरुणांनाही बजावावे, की थोड्या पैशांसाठी आपले बँकखाते परक्यास वापरावयास देणे म्हणजे चोरीच्या मालाला घरात जागा देणे होय.

जे मूल चुकल्यावर मार न खाता गुरुजींकडे किंवा बाईंकडे धावत येते, त्याच्या घरची कमाई वाचण्याची आशा असते. ते मूल निर्भयपणे आपल्याकडे येईल, असा विश्वास प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात निर्माण करावा.