दार एक, कुलुपें सत्तावीस

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या सभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण)



शेजारचे देश एकत्र येऊन संघ करतात. संघाची भरभराट झाली कीं बाहेरचे देश त्यांत येऊं पाहतात, आणि आंत बसलेले त्यांची परीक्षा घेऊं लागतात. ही परीक्षा न्यायाची असते कीं मर्जीची, एवढाच प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढें ठेवणार आहों. त्यासाठीं युरोपांतील एका लहान देशाची हकीकत सांगतों. त्याची वस्ती सुमारें १८ लाख. २०११ च्या शिरगणतींत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६ लाख भरली होती, त्याहून थोडी अधिक.

युगोस्लाव्हिया मोडला तेव्हां, १९९१ सालीं, मॅसिडोनिया स्वतंत्र झाला. त्याच्या दक्षिणेस ग्रीस. ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसिडोनिया हेंच नांव आहे. ग्रीस म्हणाला, हें नांव आमचें, शिकंदराचा वारसा आमचा. आज नांव घेतलें, उद्यां मुलूख मागाल. ही भीति अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. बांधाला बांध लागला कीं संशय येतोच. पण पुढें काय झालें तें पाहा.

१९९३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें या देशाला घेतलें तें 'पूर्वींचें युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' अशा तात्पुरत्या नांवानें. १९९४ सालीं ग्रीसनें त्याच्या व्यापाराची नाकेबंदी केली. १९९५ सालीं त्यानें आपल्या निशाणावरचा सोळा किरणांचा सूर्य काढून टाकला, आणि दोघांत तात्पुरता करार झाला. तात्पुरत्या नांवानें हा देश कोणत्याही संघांत येत असेल तर आम्ही आडवे येणार नाहीं, असें ग्रीसनें त्यांत लिहून दिलें. तरीही २००८ सालीं बुखारेस्ट येथें नाटो या लष्करी संघाची बैठक भरली तेव्हां अल्बानिया व क्रोएशिया यांना बोलावणें गेलें, आणि मॅसिडोनिया ग्रीसच्या हरकतीमुळें बाहेर राहिला. तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेला. २०११ सालीं निकाल लागला कीं ग्रीसनें करार मोडला. पण पुन्हां असें करूं नका असा हुकूम न्यायालयानें दिला नाहीं. निकाल हातीं आला, दार बंदच राहिलें.

अखेर २०१८ सालीं प्रेस्पा सरोवराच्या कांठीं दोघांचा समेट झाला. देशानें 'उत्तर मॅसिडोनिया' असें नांव घ्यावें असें ठरलें. लोकांचा कौल घेतला तेव्हां मतदारांपैकीं सुमारें ३७ टक्केच आले. आलेल्यांपैकीं नव्वदांहून अधिक टक्के लोकांनीं होकार दिला. २०१९ सालीं नांव बदललें, आणि २०२० सालीं हा देश नाटोचा तिसावा सभासद झाला.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण युरोपीय संघाचें दार निराळें. तेथें हा देश २००५ पासून उमेदवार. नांव बदलून तो दाराशीं आला, तों ऑक्टोबर २०१९ मध्यें फ्रान्सनें अडवलें; कारण काय, तर संघाची प्रवेश देण्याची रीतच आधीं सुधारली पाहिजे! ज्यांनीं नांव बदलण्याचें धाडस केलें त्या पंतप्रधान झाएव यांनीं या नकारानंतर मुदतीपूर्वींच निवडणूक पुकारली. फ्रान्सची समजूत पटली, तों नोव्हेंबर २०२० मध्यें बल्गेरिया उठला. तुमची भाषा म्हणजे आमच्याच भाषेची बोली, तुमचा इतिहास आमचाच, हें आधीं कबूल करा, असें त्याचें म्हणणें. १९९२ सालीं या देशाला सर्वांआधीं मान्यता देणारा तो हाच बल्गेरिया! २०२२ सालीं तडजोड निघाली: राज्यघटनेंत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घाला, मग पुढचीं बोलणीं. लोक विटले. २०२४ च्या निवडणुकींत या अटीला विरोध करणारा पक्ष निवडून आला. त्याच वर्षीं जोडीनें उभा असलेला अल्बानिया एकटाच पुढें नेला गेला.

आधीं निशाण घेतलें, मग नांव घेतलें, मग भाषा मागितली. भाषेचें दुःख आपल्याला कळावयास हवें. कोंकणी ही मराठीची बोली, असें ठासून सांगणारे आपल्यांतही थोडे नव्हते. साहित्य अकादमीनें १९७५ सालीं कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलें, १९९२ सालीं ती घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. त्यानें मराठीचें काय बुडालें? आपली भाषा कोणती हें बोलणाऱ्यानें सांगावयाचें, शेजाऱ्यानें नव्हे.

आतां आपल्या गांवची सोसायटी घ्या. महाराष्ट्राच्या १९६० सालच्या सहकारी कायद्याप्रमाणें, पोटनियमांत बसणाऱ्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारतां येत नाहीं. नाकारलें तर त्याला निबंधकाकडे अपील करतां येतें. एखाद्या जुन्या सभासदाचा त्याच्याशीं बांधावरून दावा असेल, पण तेवढ्यासाठीं अर्ज अडवतां येत नाहीं. युरोपीय संघानें १९९३ सालीं कोपनहेगन येथें अटी ठरवल्या: लोकशाही, कायद्याचें राज्य, अल्पसंख्यांचें रक्षण, बाजारांत टिकण्याची शक्ति, संघाचे कायदे पाळण्याची तयारी. अटी चांगल्या आहेत. पण त्या पुऱ्या झाल्या काय, हें ठरवतांना पायरीपायरीला सत्तावीसही सभासदांची संमति लागते. म्हणजे दार एक आणि कुलुपें सत्तावीस. ज्याच्या हातीं किल्ली, तो ती फिरवण्यापूर्वीं आपलें जुनें येणें वसूल करून घेतो. आणि अर्जदाराला दाद मागावयास निबंधक नाहीं.

यावर कोणी म्हणेल, घर त्यांचें, कोणाला घ्यावें तें त्यांनीं ठरवावें. शिवाय एकदां आंत आलेल्याला काढून टाकण्याची तरतूद त्यांच्या करारांत नाहीं. तेव्हां पारख दारांतच झाली पाहिजे. हें आम्हांस मान्य आहे. शेवटचा होकार प्रत्येक देशानें स्वतंत्रपणें द्यावा, यांतही गैर कांहीं नाहीं. परंतु पारख वेगळी आणि अडवणूक वेगळी. न्यायालयें सुधारलीं काय, लांचलुचपत आटोक्यांत आली काय, हें खुशाल विचारा. त्यांत उमेदवाराच्या रयतेचेंच हित आहे. तुम्ही स्वतःला काय म्हणवितां, हा प्रश्न त्या अटींत कोठें आहे? आणि ग्रीसनें आपले दिवस आठवावे. त्याची लष्करशाही १९७४ सालीं पडली. १९७६ सालीं युरोपीय आयोगानें त्याच्या प्रवेशाबाबत सबुरीचा सल्ला दिला, तो सभासद देशांनीं बाजूला ठेवला. नव्या लोकशाहीला आधार द्यावा म्हणून. १९८१ सालीं ग्रीस आंत आला. ज्याला असा आधार मिळाला, त्यानें दुसऱ्याला तो नाकारावा काय?

आमचें म्हणणें इतकेंच. मधल्या पायऱ्यांवर बहुमत चालावें, एकमत शेवटींच लागावें. दोन शेजाऱ्यांचा दावा न्यायालयाकडे जावा आणि त्या निकालाला दारावर किंमत असावी. अर्ज केल्यानंतर नवी अट घालूं नये. असें न झालें तर त्या देशांतला सुधारकच खोटा पडतो. कारण अटी पाळा, दार उघडेल, असें तोच लोकांना सांगत असतो.

आणि ही परक्याची गोष्ट म्हणून सोडूं नका. १९८५ सालीं स्थापन झालेल्या सार्क संघांत आपला देश पहिल्यापासून आहे, आणि तेथेंही निर्णय एकमतानेंच होतात. २००७ सालीं दिल्लीच्या बैठकींत अफगाणिस्तान त्याचा आठवा सभासद झाला. म्हणजे एक किल्ली आपल्याही कमरेला आहे. अमुक देशाला प्रवेश नाकारला अशी बातमी वाचाल तेव्हां तीन गोष्टी विचारा: अट आधीं लिहिलेली होती काय? ती सर्वांना सारखी होती काय? नाकारलेल्याला दाद मागण्याची जागा होती काय? नाकारणारे आपण असूं तेव्हां तर हे प्रश्न आधीं विचारा.