आशांचा मोबदला : मोजायचे काय?

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सिन्नरच्या विडीकामगार स्त्रियांचा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील चळवळीला नवा नाही. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, आणि त्यातूनही 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची कपात. पान किडके निघाले की तंबाखू कमी पडला, याची चौकशी होत नसे. कपात मात्र बाईच्या मजुरीतून होई. या पद्धतीविरुद्ध कामगार चळवळीने वर्षानुवर्षे आवाज उठवला. परंतु हीच नगावरची मजुरी २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या वाटेने सार्वजनिक आरोग्यसेवेत शिरली, तेव्हा तिला सुधारणा म्हटले गेले आणि ते फारसे कोणाला खटकलेही नाही.

या अभियानाने साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमली. ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. म्हणून तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. पुढे ग्रामीण भागात संस्थेतील बाळंतपणामागे तीनशे अधिक तीनशे असे सहाशे रुपये ठरले. नवजात अर्भकाच्या घरभेटींसाठी अडीचशे रुपये ठरले. या अडीचशे रुपयांची कहाणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

घरोघरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची कल्पना महाराष्ट्रातलीच. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत तो प्रयोग केला आणि नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेथे गावातल्या बाईला कसून शिकवले होते, तिच्या कामावर सतत देखरेख होती आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्याचे साधन व अधिकार तिच्या हाती होता. २०११ साली ही कल्पना देशभर नेताना घरभेटी घेतल्या गेल्या, दर ठरवला गेला. इंजेक्शन मात्र आशेच्या हाती आले नाही. दराला अटी जोडल्या गेल्या. बाळाचे वजन नोंदलेले असावे, जन्माची नोंद व्हावी, लसी टोचलेल्या असाव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी माता व बालक दोघेही सुखरूप असावीत.

ही शेवटची अट वरकरणी रास्त वाटते. पण सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावर कमी दिवसांचे, दीड किलो वजनाचे मूल जन्माला आले, तर आशेला सर्वांत जास्त खेपा तेथेच घालाव्या लागतात. गाडी मिळवणे, घरच्यांची समजूत घालणे, रात्री जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत करणे, हे सारे तिचेच. एवढे करूनही विसाव्या दिवशी ते मूल दगावले, तर त्या अटीप्रमाणे तिच्या दारी आलेला हा 'छाट' माल ठरतो. सुदृढ मुलाच्या घरी सहा वेळा डोकावणाऱ्या आशेला मात्र पूर्ण रक्कम. ज्या घरी धोका जास्त त्या घरी कमाईची शाश्वती कमी, असा दर आखणाऱ्याने आरोग्याचा विचार केला की हिशेबाचा?

दुसरी गोष्ट स्थलांतराची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातील कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. बाईचे दिवस गावात भरत आलेले असतात, बाळंतपण बागेतल्या खोपटात किंवा भलत्याच तालुक्याच्या दवाखान्यात होते. मग घरभेटी गावच्या आशेने कशा द्यायच्या, बागेच्या गावची आशा या पाहुण्या बाईकडे कोणत्या नोंदीवरून जाणार? दरपत्रकात या बाईला जागा नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या कोणत्याही मुलीची गत थोडीफार अशीच.

तरीही योजना यशस्वी झाली असे सांगितले जाते, आणि आकडे तसे आहेतही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात संस्थेत होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ९० टक्के झाली, २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५. यात आशांच्या कष्टांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच पाहण्यांतील शेवटच्या टप्प्यात अर्भकमृत्यूचे प्रमाण दरहजारी २४ वरून अवघे २३ वर आले. दवाखान्यापर्यंत पोचवण्याचे पैसे मिळत होते, पोचवणे वाढले. दवाखान्यात डॉक्टर होता का, रक्त होते का, याचा दर कोणी ठरवला नव्हता. ज्या कामाचे पैसे दिले तेच काम मोजून योजनेला गुण देणे म्हणजे परीक्षार्थीनेच काढलेल्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षार्थीला पास करणे होय.

हा दोष केवळ येथलाच नाही. ब्रिटनने २००४ साली आपल्या कुटुंबवैद्यांना गुणांवर पैसे देण्याची पद्धत सुरू केली. पहिल्याच वर्षी बहुतेक दवाखान्यांनी जवळजवळ सगळे गुण मिळवले आणि खर्च अंदाजाबाहेर गेला. नंतरच्या संशोधनात दिसले ते असे की, मधुमेह-दम्याच्या उपचारांत सुधारणा पैसे सुरू होण्याआधीपासूनच चालू होती, आणि ज्या बाबींना गुण नव्हते त्या मागे पडल्या. स्कॉटलंडने २०१६ साली ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे मात्र २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी पंचवीस हजार निश्चित आणि पंधरा हजारांपर्यंत कामगिरीवर, अशी विभागणी आखली गेली. दुसऱ्याने टाकून दिलेला अंगरखा आपण नवा म्हणून अंगात घातला.

आशांच्या बाबतीत उलट दिशेने थोडी वाट काढली ती त्यांच्या लढ्याने. निश्चित रकमेचा केंद्राचा वाटा २०१८ मध्ये एक हजारावरून दोन हजार झाला. कोविडच्या काळात मालेगावसारख्या शहरात घरोघरी फिरण्याचे मोल दरमहा हजार रुपये ठरले होते. जून २०२१ च्या संपानंतर राज्याने एक हजाराची वाढ आणि पाचशेचा कोविड भत्ता मान्य केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप, सात हजारांचे आश्वासन, ते कागदावर येईना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक संप, आझाद मैदानावरचा मुक्काम. आणि मार्चमध्ये पाच हजारांचा शासननिर्णय. नोकर म्हणून मान्यता अजून नाहीच. भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली त्याला २०१३ पासून इतकी वर्षे लोटली.

येथे चळवळीने स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. मागण्यांच्या पत्रकात रक्कम ठळक असते. पैसे कोणत्या रीतीने मिळावेत आणि त्या रीतीने रुग्णाचे काय होते, हे क्वचितच असते. उद्या अर्थखात्यातील कोणी म्हणेल की निश्चित रक्कम वाढली आणि काम सैलावले. त्याला उत्तर घोषणेने देता येणार नाही. त्याच बायका, तीच गावे, मोबदल्याची रीत तेवढी बदललेली, अशी तुलना नोव्हेंबर २०२३ पासूनच्या वाढीमुळे आपोआप हाती आली आहे. शासन ती करो न करो.

त्यासाठी मोठ्या विद्यापीठाची गरज नाही. सुरगाण्यातील एक उपकेंद्र, निफाडच्या बागायती भागातील एक. दोन्हींकडे नोव्हेंबरच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरचे एक वर्ष. नोंदवायचे ते दरपत्रकात नसलेले : सर्वांत दूरच्या पाड्यावर आशा किती वेळा गेली, बागेवर आलेल्या बाळंतिणीला कोणी भेटले का, क्षयाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्यावर कोण गेले, पैसे किती महिने थकले. आशांनाच नव्हे, बाळंतिणींनाही विचारायचे, आणि उत्तर चळवळीला गैरसोयीचे निघाले तरी ते तसेच छापायचे. पहिली नोंद त्या घरांची घ्यावी जेथे मूल बेचाळीस दिवस जगले नाही. तेथे आशा शेवटची केव्हा आली होती, आणि त्या महिन्याच्या तिच्या देयकात त्या घराचे काय झाले.