राळेतील गांधील-मुंगी



मुंगीचे कूळ ते काय पाहायचे, असे आपण म्हणाल. पण १९६६ साली अमेरिकेत, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, फ्राय दांपत्याला अश्मीभूत राळेच्या खड्यात दोन मुंग्या सापडल्या, त्या सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपल्या पायांखालचा हा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे त्यांच्याहून धाकटाच! जबडा पाहावा तर गांधीलमाशीचा, आखूड, दोनच दातांचा; कंबरेची गाठ मात्र मुंगीची. मग बसवायचे कोणत्या पंगतीत? छातीच्या मागील अंगास असलेल्या, मुंग्यांच्याच खास अशा एका ग्रंथीने कौल दिला. १९६७ साली विल्सन, कार्पेंटर व ब्राउन यांनी 'स्फेकोमिर्मा फ्रेयी' असे नाव ठेवून निराळे उपकुल मांडले. दोघींनाही पंख नव्हते. म्हणजे त्या कामकरी. राणी आणि राबणारी हा भेद तेव्हाच पडला होता, असे आम्ही समजतो.