सोन्याच्या नाण्यावरील राणी



रोमच्या सोन्याच्या नाण्याला 'ऑरिअस' म्हणत. आकाराने ते आपल्या जुन्या पावलीएवढे, आणि ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळी वजनाने साडेसात ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा चकतीवर एका बाईचा उत्कर्ष आणि पाडाव दोन्ही वाचता येतात.

ती बाई म्हणजे अग्रिपिना. सम्राट क्लॉडियसची राणी, नीरोची आई. क्लॉडियसच्या नाण्यावर एका बाजूला तो स्वतः, तर दुसऱ्या बाजूला ही. तिच्या मस्तकावर धान्याच्या लोंब्यांचा मुकुट. लोंब्या हे सेरेस ह्या धान्यदेवतेचे चिन्ह! मेलेल्या राणीला देवी करणे रोमला नवे नव्हते. ही तर जिवंत होती.

इ. स. ५४ मध्ये क्लॉडियस वारला. बायकोनेच विष घातले, असे रोमचे इतिहासकार लिहितात. नीरो तेव्हा सोळा वर्षांचा. त्या वर्षीच्या नाण्यावर मायलेक समोरासमोर आहेत, अगदी नाकासमोर नाक. पण भोवतीचा लेख वाचा. तो आईच्या नावाचा आहे! राज्य मुलाचे, आणि मुलाचे नाव मात्र पाठच्या बाजूला. पुढच्या वर्षीच्या नाण्यावर दोघांची तोंडे एकाच दिशेला वळली. नीरो पुढे, आई मागे अर्धी झाकलेली. आणि आता पाठच्या बाजूला गेले ते तिचे नाव. त्यानंतर रोमच्या टांकसाळीतील नाण्यांवरून ती दिसेनाशीच होते. ५९ साली नीरोने तिचा वध करविला. बखरकार पुढे लिहितील ते लिहितील. टांकसाळीने चार वर्षे आधीच सांगून ठेवले होते.

सर्वच राण्यांच्या वाट्याला हे आले नाही. अँटोनायनस पायसची राणी फाउस्टिना १४० च्या सुमारास वारली. तिला देवी ठरविण्यात आले. रोमच्या फोरममध्ये तिचे देऊळ उठले, आणि त्याचे खांब आजही उभे आहेत. तिच्या नाण्यांवर कधी सेरेस येते, कधी जूनो. मला स्वतःला मात्र ह्या देव्यांपेक्षा तिचे एक वेगळेच नाणे अधिक मोलाचे वाटते. तिच्या नावाने राजाने गरीब मुलींच्या पोषणाची व्यवस्था लावून दिली होती. त्या नाण्यावर 'फाउस्टिनाच्या मुली' अशी अक्षरे आहेत, राजा उंच चौथऱ्यावर आहे, आणि लोक आपल्या लहान लहान लेकी त्याच्यापुढे घेऊन येत आहेत.