मोडाची विद्या

नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व गुंजीच्या परिसरात कोणाला नवे नाही. मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्ये उपजतात. बिअरचे मूळही हेच. फक्त धान्य जव.

मोडावलेल्या जवाचा, हॉपच्या कडू फुलांसह आटवलेला पाक परदेशांत डब्यातून मिळतो. पाणी, साखर व यीस्ट घातले की तो घरीच आंबतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली त्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला.

डब्याने श्रम वाचविले; स्वच्छता आणि धीर मात्र डब्यात मिळत नाहीत. आंबणे पुरे होण्याआधी भरलेली बाटली वायूने फुटते.

गुंजीने १९५६ पर्यंत मुंबई राज्याची दारूबंदी पाहिली. आज कर्नाटकातही परवान्यावाचून मद्य करणे गुन्हाच आहे. तेव्हा येथे ही विद्या बाळाच्या पेजेतच शोभते.